पाऱ्याच्या शोधातलं पाणी

माझी नणंद सरकारी भूगर्भ पाहणी घेऊन गावात आली, तेव्हा गावाने दोन मेंढ्या कापल्या. एक सरकारच्या नावाने, एक तिच्या नावाने. सरकार काही जेवायला बसत नाही, म्हणून दोन्ही तिच्याच पुढ्यात आल्या.

उल्कान तिचं नाव. आमच्या सारीजार गावातून शहरात शिकायला गेलेली पहिली मुलगी. शिकली ती दगडांचं. गावात कुणी विचारलं की सासूबाई, हयात होत्या तोवर, सांगायच्या, "दगड शिकतेय," आणि लोक हसायचे, की आमच्याकडे दगडांचा काय तोटा होता म्हणून त्यासाठी एवढ्या लांब जायचं. पण ती परत आली ती ट्रकच्या पुढच्या सीटवर बसून, पायात पुरुषी बूट, हाताखाली रशियन यंत्रवाले, आणि तेही तिला नावाने नाही तर 'साहेब' असल्यासारखी हाक मारणारे. मग कुणी हसलं नाही.

माझे सासरे, म्हणजे तिचे वडील, गावसमितीचे अध्यक्ष होते. गावाचा शिक्का त्यांच्या खिशात असायचा. पांढरी नमद्याची, दाबलेल्या लोकरीची टोपी घालून ते दारात उभे राहिले, आमच्या रितीप्रमाणे मुलीच्या कपाळाचा वास घेतला आणि म्हणाले, "ये. वर बस."

वर म्हणजे आत, दारासमोरच्या भिंतीकडची मानाची जागा. आमच्यात मुलगी जन्मली की तिला पाहुणी म्हणतात. आज ना उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार, तोवर तिला गादीवर बसवायचं, चांगला तुकडा द्यायचा, आणि कामाला लावायचं नाही. कामाला सून असते. ती सून मी. हे कुणी दुष्टपणाने करत नाही. प्रेमानेच करतात, म्हणून तर त्यावर काही इलाज नाही.

आणि पाहुण्याकडे काही मागायचं नसतं. पाहुणा कशाला आला, किती दिवस राहणार, जाताना काय देणार, हे विचारणारा माणूस आमच्याकडे माणसात मोजत नाहीत.

आता पाण्याचं सांगते. आमचं गाव कड्यावर आणि नदी कड्याखाली. नदी वरून दिसते, ऐकू येते, फक्त पिता येत नाही. प्यायची असेल तर खाली उतरायचं, कावडीला दोन बादल्या लावायच्या आणि उभ्या वाटेने वर यायचं. हे काम बायकांचं. पुरुषाने कावड खांद्यावर घेतली तर त्याच्या टोपीची लाज गेली म्हणतात. आदल्या हिवाळ्यात त्या वाटेच्या बर्फावर माझा पाय घसरला आणि पोटातलं गेलं. त्या उन्हाळ्यात मला पुन्हा दिवस गेले होते. येणारा हिवाळा डोळ्यांसमोर आला की मी बोटांवर महिने मोजायला लागायचे.

पाहणी सुरू होण्याआधी उल्कानने गावाला क्लबात, म्हणजे गावच्या सभेच्या खोलीत बोलावून पाहणीचे उद्देश समजावून सांगितले. तसा नियमच होता. ती उभी राहून बोलत होती आणि सासरे पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून बसले होते.

"पहिला उद्देश, देशाच्या पोटात काय संपत्ती आहे ते जाणून घेणं. दुसरा, कारखान्यांना लागणारं खनिज शोधणं. या भागात आपण पारा शोधतोय. तिसरा, नकाशे पुरे करणं."

मागच्या बाकावरून म्हातारी साकेनआजी ओरडली, "पोरी, त्या उद्देशांत आमच्या घशाचं काही आहे का?"

सगळा क्लब हसला. उल्कानही हसली, पण ओठांनीच. "आजी, पाण्याची पाहणी वेगळं खातं करतं."

"म्हणजे एकाच भुईला दोन खाती?"

"हो, आजी."

"मग तुमच्या खात्याने खणलं आणि पाणी लागलं, तर ते पाणी कुणाचं?"

यावर सासऱ्यांनी काठी आपटली. "पुरे. पाहुण्यांना दमवू नका."  माझ्या मनात आलं, म्हातारीने मुद्द्याचं विचारलं होतं.

उल्कान राहायची पाहणीच्या तुकडीबरोबर तंबूत, पण जेवायला कधीमधी घरी यायची. एकदा चहाच्या वेळी ती उठली आणि माझ्या हातातली किटली घ्यायला लागली.

"दे वहिनी, मी ओतते. तू जरा टेक."

"खाली बस," सासरे म्हणाले.

"बाबा, ती पोटुशी आहे. एक किटली उचलली तर माझे हात झिजणार आहेत का?"

"पाहुणी वर बसते. तुझी वहिनी समर्थ आहे."

ती बसली. मी चहा ओतला. तिने सगळा वेळ पेल्यात पाहत तो प्यायला.  तिला त्या घरात किटलीचाही हक्क नव्हता आणि मला किटलीखेरीज दुसरा कसला नव्हता.

गावामागच्या माळावर त्यांनी यंत्र उभं केलं. दिवसभर घरघर, धूळ, डिझेलचा वास. दगडाच्या लांबच लांब कांड्या बाहेर यायच्या, त्या लाकडी खोक्यांत रचल्या जायच्या, आणि उल्कान गुडघ्यांवर बसून एकेक कांडी ओली करून बघायची. पारा काही दिसत नव्हता. आणि एका दुपारी पाइपातून पाणी आलं.

आलं म्हणजे कसं, आपसूक वर आलं. कुणी ओढलं नाही, उपसलं नाही. आधी चिखल, मग गढूळ, आणि संध्याकाळपर्यंत काचेसारखं. बायका भांडी घेऊन धावल्या. मी ओंजळ भरून प्यायले तर दात दुखले, इतकं गार, आणि गोड. साकेनआजीने पाइपाला पांढरी चिंधी बांधली, जशी झऱ्यावरच्या झुडपाला बांधतात. पुरुषांनी तिथंच मेंढी कापली, वाफाळत्या मांसावर हात उघडून दुवा मागितली आणि त्या पाण्याला नाव दिलं, उल्कानबुलाक. उल्कानचा झरा. सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी स्वतः पाहिलं. त्यांनी ते टोपीने पुसलं आणि वारं फार आहे म्हणाले.

उल्कान मात्र दुवेलाही हात उघडेना. रशियन यंत्रवाला गेनादी तिला हळूच काही म्हणाला आणि तिने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या तंबूत दही घेऊन गेले. सासऱ्यांपुढे मला आवाज नव्हता. सुनेने सासऱ्यासमोर खाली मान घालून कुजबुजायचं, एवढंच. पण नणंदेपुढे माझी जीभ मोकळी होती. आमच्यात नणंद-भावजयींनी एकमेकींची टर उडवायची रीतच आहे.

"काय गं झऱ्याच्या मालकिणी, तोंड का असं आंबलंय? तुझ्या नावाचं पाणी पितोय आम्ही. जरा फुगून बस की."

"वहिनी, ते भोक मी बुजवणार आहे."

मला वाटलं, चेष्टाच करतेय. "बुजव की. मग तुझ्या बापाच्या टोपीत पाणी साठवू."

"खरं सांगतेय. ते पाऱ्यासाठी पाडलंय. पारा नाही लागला, काम संपलं. पाणी लागलेलं प्रत्येक भोक सिमेंटने बुजवून मगच यंत्र हलवायचं, असा नियम आहे. नाहीतर पाणी जमिनीखाली भलतीकडे शिरतं, उद्या कुठं खाण काढली तर ती बुडते."

"इथं पारा नाही म्हणालीस ना? मग खाण कसली?"

"नियमाला हे माहीत नसतं."

मी दह्याचं भांडं खाली ठेवलं. माझा हात आपोआप पोटावर गेला. तिने ते पाहिलं.

"एक वाट आहे," ती म्हणाली. "यंत्र हलायच्या आत गावाने मागणी केली, की आम्हाला पिण्याचं पाणी नाही, हे भोक आमच्या ताब्यात द्या, तर मी कागदावर त्या भोकाचा उद्देश बदलून घेऊ शकते. मला तो अधिकार आहे. गावचा अर्ज, अध्यक्षांची सही, शिक्का. बस."

"मग त्यात काय एवढं? बाबा तर घरचेच आहेत. जा, म्हण त्यांना, सही करा."

"मी नाही म्हणणार."

"का? जीभ झिजेल?"

 ती जे बोलली ते मी अजून विसरले नाही. "जन्मापासून त्या माणसाने माझ्याकडे काही मागितलेलं नाही, वहिनी. पाण्याचा पेलासुद्धा नाही. तहान लागली तर दादाला हाक मारायचे, तुला हाक मारायचे. मी शेजारी बसलेली असायची. एकदा मागू देत. तोंडाने म्हणू देत, पोरी, आम्हाला हे पाहिजे. सही तर पुढची गोष्ट."

"अगं, ते मागणार नाहीत, तुला माहितेय."

"मग बुजेल."

मी त्या दिवशी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा माझा मेंढरांमागे फिरणारा, शब्दाला गरीब माणूस. पण तोही घाबरला, कारण आदल्या वर्षी रक्ताने भिजलेली मला त्यानेच वर उचलून आणली होती. तो सरळ वडिलांपुढे जाऊन बसला. मी पडद्यामागे कणीक मळत होते.

"बाबा, उल्कानला गावची मागणी पाहिजे. नाहीतर ती भोक बुजवणार."

"कोण म्हणालं?"

"बातमाने ऐकलंय. तिच्याच तोंडून." बातमा म्हणजे मी.

"बायकांच्या गप्पा. पोरगी ते पाणी बुजवणार नाही."

"तिला अर्ज पाहिजे, बाबा."

"आणि तो अर्ज मी तिच्याकडे करायचा?" सासऱ्यांचा आवाज चढला नाही, उलट बसला. "बाप पोरीपुढे हात पसरणार? ती या घरची पाहुणी. पाहुण्याला आपण द्यायचं. आजवर या दारात कुणी पाहुण्याचा खिसा चाचपलेला नाही."

"खिसा कुठं, बाबा? पाणी मागायचंय."

"ती काय आंधळी आहे? नदीच्या पाण्याच्या बादल्या तिच्या आईने वाहिल्या. तिला कळत नाही? कळत असेल तर मागायची गरज नाही, आणि कळत नसेल तर मागून काय उपयोग?"

माझ्या हातातली कणीक मी इतकी रगडली की ती परातीला चिकटली. जाऊन ओरडावंसं वाटत होतं, की अहो, मूल रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. पण सुनेला तोंड नव्हतं.

गावातले म्हातारे एकेक करून येऊन गेले. चहा प्यायले, हवेवर बोलले, मेंढरांच्या खुरांवर बोलले, आणि जाताना दारात थबकून म्हणाले, "बाकी तुमच्या घरची गोष्ट, तुम्ही जाणा." बापाला ओलांडून त्याच्या पोरीकडे मागणं म्हणजे बापाचा अपमान. कुणी केला नाही. आमच्या गावात सभ्य माणसांची कधीच उणीव नव्हती.

मग बुजवायचा दिवस उगवला. ट्रकवर सिमेंटची पोती आली. माळावर सारा गाव जमला, पण कुणी पुढे होईना. बायकांनी घरातलं होतं नव्हतं ते भरून घेतलं, बादल्या, कढया, दूध तापवायची पातेली. मी तर पाळण्याखाली बाळाच्या शूसाठी ठेवायची कोरी तसराळीही भरली. उल्कान पाइपाशी उभी होती. गेनादीने दोनदा विचारलं, सुरू करू का, आणि तिने दोनदा थांब म्हटलं.

सासरे आले. नवा झगा, टोपी, काठी. हातात फडक्यात बांधलेल्या ताज्या तळलेल्या पुऱ्या, मी पहाटे केलेल्या. गर्दीने वाट दिली. ते चालत थेट तिच्यासमोर गेले. नवऱ्याने माझा दंड घट्ट धरला. वाटलं, आला. म्हातारा मागायला आला.

उल्कान म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बाबा, तुम्हाला काही पाहिजे का माझ्याकडून?"

तिचा आवाज साहेबाचा नव्हता. सात-आठ वर्षांच्या पोरीचा होता. त्या माणसाला तो ऐकू आला नसेल असं मी म्हणूच शकत नाही. त्यांची हनुवटी हलली. ओठ उघडले. साकेनआजी मागून पुटपुटली, "बोल रे, बोल."

"तू जेवलीस का?" सासरे म्हणाले, आणि फडकं तिच्यापुढे धरलं.

उल्कानने फडकं घेतलं. एक पुरी मोडली, तुकडा तोंडात घातला, कारण समोर धरलेल्या अन्नाला नाही म्हणायचं नसतं. तो चावून गिळला. मग गेनादीकडे वळून म्हणाली, "टाका."

सिमेंट आत जाताना पाणी आधी राखाडी झालं. मग एकदोनदा उसळलं. मग नुसता चिखल आला. मग काही नाही. साकेनआजीची चिंधी पाइपाबरोबर कापली गेली. सासरे शेवटपर्यंत उभे होते आणि मग म्हणाले, "सरकारी काम. पोरीचा काय दोष?" आणि उल्कान ट्रकमध्ये चढताना गेनादीला म्हणाली, "मागितलं असतं तर दिलं असतं." दोघांची इभ्रत अशी शाबूत राहिली. मी कावड उचलली आणि नदीवर गेले.

चीड कुणाची आली म्हणाल, तर दोघांची. बापाची आली कारण तो जगापुढे ताठ उभा राहिला तो माझ्या पाठीच्या कण्यावर. आणि तिची त्याहून जास्त, कारण तिला कळत होतं. तिचं दुःख खरं होतं, मी नाही म्हणत नाही. पण माणसाने आपलं दुःख आपल्या विहिरीत टाकावं, गावाच्या नाही.

त्या हिवाळ्यात माझ्या नवऱ्याने कावड वाहिली. उजाडायच्या आत, चोरून, कुणी पाहू नये म्हणून. बर्फात पावलं उमटायचीच, ती गावाने ओळखली, आणि त्याला 'सूनबाई' म्हणून चिडवायला लागले. त्याने ऐकून घेतलं. वसंतात मला मुलगी झाली, धडधाकट. शब्दाला गरीब असलेल्या त्या माणसाने तेवढं केलं, म्हणून ती जगली. सासऱ्यांनी नातीला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "आली का आमची पाहुणी!" मी बाळ परत मागून घेतलं, पाजायचं निमित्त करून.

आणि मग त्या म्हाताऱ्याने काय केलं असेल? घोड्यावर बसून जिल्ह्याच्या कचेरीत गेला. शिक्का मारलेला अर्ज घेऊन, की आमच्या गावाला पाणी द्या, माळावर पाणी आहे, आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. तिथं खुर्चीवर कालचं पोर बसलेलं. त्याच्यासमोर सासऱ्यांनी टोपी काढली, असं बरोबर गेलेल्या माझ्या नवऱ्याने मला सांगितलं. सांगताना त्याला बोलवत नव्हतं. परक्या पोरापुढे टोपी निघाली, पोटच्या पोरीपुढे जीभ नाही उचलली.

कचेरीतलं पोर सभ्य होतं. त्याने कपाट उघडून पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, तुमच्या भागाची पाहणी झालेली आहे. उद्देश पारा. पारा नाही. प्रकरण बंद. पाणी पाहिजे होतं तर भोक बुजवायच्या आधी मागायचं होतंत. तेव्हा प्रमुख कोण होतं, त्यांना का नाही सांगितलंत?"

सासरे यावर काय म्हणाले, मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, टोपी डोक्यावर ठेवायलाही विसरले. हातात धरून सगळी वाट घोड्यावर आले.

पाण्याच्या खात्यात आमचं नाव लागलं, नंबर येईल म्हणाले. तो यायचा तो आलाच नाही. सासरे थकत गेले. शेवटच्या आजारात त्यांना तहान फार लागायची. माझ्या हातून पेला घ्यायचे आणि दरवेळी अर्धा पिऊन परत करायचे. "बास. लांबून आणतेस." इतक्या वर्षांत तेवढं एकच वाक्य त्यांनी मला पाण्याबद्दल म्हटलं. ऐकून मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून संतापही.

ते गेले तेव्हा उल्कान आली. गावच्या वेशीपासून रडत आली, रिवाजाप्रमाणे. बायकांनी तिला काळा रुमाल बांधला आणि आत नेलं. तिथं तिने भिंतीकडे तोंड करून बसायचं, बापाचे गुण गाऊन विलाप करायचा, आणि उठायचं नाही. मुलीचं काम तेवढंच. बाकी सगळं सुनेचं. तिकडे मौलवी आले होते आणि मयताला आंघोळ घालायला पाणी पाहिजे होतं. घरातलं सगळं आल्यागेल्यांच्या चहात संपलं होतं. मी कावड घेऊन उतरले.

बादल्या भरत होते तर मागून दगड घरंगळले. उल्कान. काळा रुमाल मानेवर सरकलेला, शहरी बूट चिखलात. विलाप सोडून उठून आली होती. गावात आता काय बोलत असतील ते मला नदीवरूनही ऐकू येत होतं.

"दे," ती म्हणाली.

मी कावड तिच्या खांद्यावर ठेवली. दोन पावलांतच ती वाकली. कावडीचा ताल असतो, तो खांद्याला शिकवावा लागतो. तिच्या खांद्याला कुणी शिकवलाच नव्हता. पाणी बुटांवर सांडत ती चढायला लागली. मी मागून रिकाम्या हातांनी. अर्ध्या वाटेवर, जिथं मी एकदा पडले होते, तिथं ती थांबली. धापा टाकत म्हणाली, "वहिनी, त्यांनी एकदा तरी... 'पोरी, पाणी दे' एवढंच. जास्त मागत होते का मी?"

"आणि तू न मागता दिलं असतंस तर?"

तिने तोंड उघडलं. बादल्या डुचमळल्या आणि आणखी पाणी सांडलं. खाली नदी तिची ती वाहत होती.

"चल वर," मी म्हटलं. "बाबा आंघोळीचे खोळंबलेत."